तीनदा नाही

कमलाक्षी आत्याच्या मते चीनमधले सगळे म्हातारे तमिळ बोलत. दर रविवारी दुपारी ते टीव्हीवरच्या कुंग फूच्या सिनेमात बोलायचे, म्हणजे ओठ आधी हलायचे आणि तमिळ मागून सावकाश यायचं. आत्या रसम-भात कालवता कालवता त्यांच्या पवित्र्यांना नावं ठेवायची. "डावा पाय बघ त्याचा. असा उभा राहिला तर म्हैसदेखील पाडील त्याला." हे म्हणायचा तिला अधिकार होता. तमिळ मुलखातल्या त्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत लाठी आणि दांडपट्टा तिच्या घराण्यातच उरला होता, आणि आता घराण्यात म्हणजे ती आणि तिची भाची हरिता.

हरिता लहान असताना शिकायच्या पहिल्या दिवशी आत्यानं तिच्या हातात झाडू देऊन अंगण झाडायला सांगितलं होतं. "का?" असं हरितानं विचारलं. आत्यानं झाडू काढून घेतला आणि लाठी दिली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आत्याचे गुडघे गेल्यावर पट्टा हरिताकडे आला. सकाळी ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिकवायची. शिकवायची म्हणजे कुलूप काढून बसायची. बाहेर तिनं तमिळमध्ये पाटी लावली होती, लाठी आणि पट्टा शिकवला जाईल. लोक वाचायचे आणि झेरॉक्स कुठं मिळेल ते विचारायचे.

"कुंग फू लिही," आत्या म्हणाली. "रांग लागेल."

"मला कुंग फू येत नाही."

"टीव्हीतल्यांना तरी कुठं येतंय."

हरितानं पाटी बदलली नाही.

अशातच मंडळाचे अध्यक्ष अमरसिंहकाका किल्ली मागायला आले. गृहस्थ तसे भले. मराठ्यांच्या वारशावर इंग्रजीत भाषण द्यायचे, कपाळावर जुना व्रण होता आणि त्याचं कारण दर वेळी निराळं सांगायचे. लग्नाची भांडी भाड्यानं देणाऱ्या एका कंत्राटदाराला त्यांनी हॉल देऊ केला होता.

"रिकामाच असतो ना, पोरी. निदान भांडी तरी राहतील आत."

"नाही," हरिता म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं. विजयादशमीला गावातली सगळी शिक्षणं सुरू होतात, व्हायोलिन, बाराखडी, कंप्यूटर, सगळं. त्या दिवशी हॉलच्या आत विद्यार्थी दिसले तर हॉल हरिताचा. नाही दिसले तर भांडी आत आणि पट्टा घरच्या माळ्यावर. माळ्यावर गेलेली वस्तू त्या घरात पुन्हा खाली आल्याचं हरितानं पाहिलं नव्हतं.

आत्यानं मग भाजीच्या गाडीवर स्वतःच बातमी सोडली, की हॉलमध्ये कुंग फू शिकवतात. संध्याकाळी विमा कंपनीतून रिटायर झालेले राममूर्ती हजर.

"मास्टर कुठंयत?"

"मीच."

राममूर्तींनी तिच्या मागं वाकून पाहिलं. दाढी नव्हती कुठंच. हरितानं त्यांना बसवलं, आत्यानं कॉफी दिली, उद्यापासून या म्हणून सांगितलं. ते आले नाहीत. भाजीच्या गाडीवर आत्याला भेटले तेव्हा चेहरा पडलेला.

"लगेच घेतलं हो मला. आधी तीनदा नाही म्हणून हाकलायला नको? पावसात उभं करायचं, वर्षभर पाणी भरायला लावायचं. तुमच्याकडे तर कॉफी, आणि ती पण साखर घालून."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका पेशंटनं डॉक्टरांच्या बोटाला चावून वर हरितालाच शिव्या घातल्या. ती डोकं धरून हॉलवर आली तर दारात साडीच्या दुकानात काम करणारी कृष्णवेणी उभी. दुकानमालकाचा मेव्हणा तिला नावानं हाक न मारता टिचकी वाजवून बोलवायचा, म्हणून तिला शिकायचं होतं.

"आज नाही," हरिता म्हणाली. "जा."

कृष्णवेणीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की हरिताला वाटलं आपण चुकून हो म्हणालो. कृष्णवेणी गेली नाही. हॉलच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या कट्ट्यावर, मांडी घालून बसली. अर्ध्या तासात राममूर्ती परत आले आणि तिच्या शेजारी बसले. मास्टर हाकलून देतात हे त्यांना कळलं होतं. पाऊस नव्हता, म्हणून त्यांनी समोरच्या नळावरून बादली भरून आणली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतली.

आठवडाभरात तिण्णै भरली. लोक येताना घरून झाडू आणायचे. पायऱ्या झाडायचे, गल्ली झाडायचे, गल्ली संपली की पुन्हा सुरुवातीपासून झाडायचे. नगरपालिकेचा माणूस चौकशी करून गेला. आत मात्र कुणी येईना. हरिता दारात उभी राहून सांगायची, "आत या. लाठ्या आहेत. शिकवते."

राममूर्ती इतरांकडे बघून हळूच हसायचे. "परीक्षा बघतायत."

"परीक्षा नाही हो. खरंच या."

"फार कडक आहेत," कृष्णवेणी कौतुकानं म्हणायची.

हरितानं घरी येऊन रडायचं ठरवलं होतं, पण रविवार होता आणि आत्याच्या सिनेमात एक म्हातारा शिष्याच्या डोक्यावर चिलीम आपटत होता, त्यामुळे रडणं ऐकू आलं नसतं.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, अमरसिंहकाका दुसऱ्यांदा आले. पूजेत पट्टा होता, लाठ्या होत्या, आत्याचा मिक्सर होता, टीव्हीचा रिमोट होता, आणि सगळ्यांना गंध-कुंकू लावून मधोमध हॉलची किल्ली ठेवली होती. पूजेत ठेवलेलं आयुध विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी हलवत नाही. काकाही हलवत नव्हते, त्यांची स्कूटर झेंडूची माळ घालून घरी उभी होती आणि ते चालत आले होते.

"किल्ली हे काय आयुध आहे?" ते म्हणाले.

"नाही देणार," हरिता म्हणाली. आत्यानं त्यांना सुंडल दिलं, ते चणे खात परत गेले.

विजयादशमीच्या सकाळी भांड्यांची लॉरी गल्लीत शिरली. मोठमोठी पातेली एकमेकांवर आपटत होती. तिण्णैवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि हॉल आतून चकचकीत रिकामा. काकांनी दारातून आत डोकं घातलं, बाहेर काढलं.

"कोण नाही आत."

"बाहेर बघा ना."

"बाहेर म्हणजे आत नाही, हरिता. ठरलं काय होतं? किल्ली दे."

किल्ली हरिताच्या मुठीत होती, कुंकवासकट. ठरलं होतं ते काका म्हणतात तसंच होतं, हे तिला कळत होतं. तिनं मूठ सोडली नाही.

"नाही."

 राममूर्ती उठून उभे राहिले. "सार, तुम्हाला याआधी किती वेळा नाही म्हणाल्या?"

"दोनदा," काका चिडून म्हणाले. "हे तिसऱ्यांदा."

राममूर्तींनी हात जोडले. लोक बाजूला सरले. वाट झाली. त्यांच्यापैकी कुणालाच अजून तीनदा नकार मिळाला नव्हता, सगळे शून्य-एकवर अडकले होते. कृष्णवेणीनं आपला सगळ्यात चांगला झाडू, नारळाच्या हिरांचा, नवा बांधलेला, काकांच्या हातात दिला.

"तुमचा नंबर लागला, सार. पायरीपासून सुरू करा."

काकांनी झाडूकडे पाहिलं. "मी?"

"झाडा, सार. मग घेतील आत."

"मी का झाडू?" काका म्हणाले. "कुणी सांगितलं? कशासाठी? गल्ली माझी आहे का?"

हरिताच्या कानात काहीतरी खणकन वाजलं. तिनं काकांच्या हातून झाडू घेतला, भिंतीला टेकवला आणि आपली लाठी त्यांच्या हातात दिली.

"आमच्या तालमीतला पहिला धडा हा," ती सगळ्यांना म्हणाली. "कुणी झाडू दिला तर विचारायचं, का. काकांनी विचारलं. तुम्ही इतके दिवस झाडताय, एकानं विचारलं नाही."

राममूर्ती दुखावले. "पण मास्टर, सहन करणं? अपमान गिळणं? त्यातूनच तर शक्ती येते. शेवटी बदला घेताना."

"सहन करायला मी कशाला शिकवू? ते तुम्ही विमा कंपनीत शिकलात. कृष्णवेणी रोज दुकानात शिकते. मी दवाखान्यात शिकते. सगळ्यांचं झालंय शिकून. इथं कुणी अपमान गिळायचा नाही, माझ्याकडूनही नाही. बदला वगैरे पण नाही. डोक्यावर काठी आली तर ती कशी अडवायची एवढंच आहे, आणि पोटऱ्या दुखतात. ज्याला हाकलणारा गुरू हवा त्यानं टीव्ही बघावा, दर रविवारी असतो."

"आणि दाढी?" मागून कुणीतरी विचारलं.

"दाढी येणार नाही."

बरेच जण उठले. त्यांनी झाडू काखेत मारले, आणि एकजण जाता जाता सवयीनं अर्धी गल्ली झाडून गेला. कृष्णवेणी बसल्या जागी विचार करत राहिली. मग तिनं मोठ्यांदा विचारलं, "आत्तापर्यंत का झाडलं मग मी?" आणि उत्तराची वाट न बघता चपला काढून आत गेली. तिच्यामागून चारपाच जण गेले. राममूर्ती उंबऱ्यावर थांबले. आणलेली रिकामी बादली कुठं ठेवावी त्यांना कळेना. शेवटी ती घेऊनच आत गेले.

काका अजून लाठी धरून उभे होते. दोन्ही हातांत, मधोमध, कुणी न शिकवता. हरिताचं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं.

"काका, तो व्रण कशाचा?"

"सायकलची साखळी," काका पुटपुटले. "आणि फावड्याचा दांडा कापून दोन तुकडे. शाळेत असताना केलं होतं. टूरिंग टॉकीजमध्ये कुंग फूचा सिनेमा बघून. पहिल्याच फिरकीला लागलं."

"धडा पहिला तुम्हाला येतोय. दुसरा हवा असेल तर चपला काढा."

"आणि भांडी?"

"नाही."

काकांनी लॉरीकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, आणि चपला काढल्या. तेवढ्यात ड्रायव्हर खाली उतरून आला. "सार, उतरवू भांडी?"

अमरसिंहकाकांनी लाठी खांद्यावर घेतली. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आवाजाआधी त्यांचे ओठ हलले असावेत, असं हरिताला वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "जा."

ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर कृष्णवेणीसारखाच उजेड पडला. मग त्यानं लॉरीचं इंजिन बंद केलं, रिकाम्या तिण्णैवर येऊन मांडी घातली आणि भिंतीला टेकवलेला झाडू मांडीवर घेतला.

"बसू नका," हरिता आतून ओरडली. "आत या."

तो गालातल्या गालात हसला.