कमळाचं रक्त कमळाला

सिंदेवाहीकडून पिकअप आली आणि रक्तपेढीच्या फरशीवर भाताच्या बांधीतला चिखल उतरला. कमळाची शेजारीण केसरबाई पुढं, मागं रोवण्यातून उठून आलेले नऊ जण. कमळाच्या पोटातली गाठ काढायची, रक्त लागणार. तिच्या कार्डावर 'ओ' लिहिलेलं, म्हणून गावातले सगळे 'ओ' गोळा करून आणलेले. आज तुझी बांधी रोवायची, उद्या माझी, तसंच हे.

तपासणाऱ्या नूतन मॅडमनी एकेकाचं रक्त कमळाच्या रक्ताशी जुळवलं. दहाच्या दहा नळ्यांत गुठळ्या.

"नाई जमत."

"काऊन नाई? तेबी ओ, मीबी ओ!" केसरबाई भडकली.

"मावशी, ओ सारखं दिसते, पन ओ नाई. ओ रक्तात एक बारीक खूण असते. ताईच्या रक्तात तेवढीबी नाई. बॉम्बे गट म्हनतात त्याले. हजारोंत एखादा."

"बॉम्बे? हे तं बल्लारपूरच्या पुढं गेली नाई वो!"

सारे हसले. बाकावर बसलेली कमळा हसली नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, मी माह्या आईबाबाचीच हाय ना?"

"त्यांचीच. दोघांच्याबी रक्तात लपून होतं, तुमच्यात उघडं पडलं."

सख्ख्या भावंडाचं जुळू शकतं, म्हणून गडचांदूरहून बहीण सरिता आली. जुळलं! कमळाचा नवरा सोमाजी चहा सांगायला धावला. परत आला तर सरिता रडत होती. तिच्या अंगात रक्तच कमी. तिचं घेता येत नाही.

"जुळते त्याचं चालत नाई, चालते त्याचं जुळत नाई," सोमाजी भिंतीला टेकून बसला. "मंग मी करू काय?"

"ताईचंच घेऊन फ्रिजात ठेवू," नूतन म्हणाली. "दोन पिशव्या, आठ दिवसांच्या फरकानं. शरीर नवं बनवत राह्यते. ऑपरेशनात सांडलं, का हेच परत चढवाचं."

"तिचंच काढाचं, तिलेच देयाचं? मंग काढता काऊन?"

नूतननं पुन्हा सांगितलं. सोमाजीनं मान हलवली. कळलं नाही हे तोंडावर दिसत होतं. कमळालाही कळलं नव्हतं. पण गाठ रोज जड होत होती. तिनं हात पुढं केला.

सुई लागली तशी केसरबाई रोवण्याच्या गाण्याच्या चालीवर गुणगुणली:

भरली गं बांधी, पानी पाटानं चाललं
माह्या कमळीचं लाल, थेंब थेंब साठवलं

तीन आठवड्यांनी गाठ निघाली. रक्त बरंच गेलं. वॉर्डात पहिली पिशवी टांगली, तिच्यावर कमळाचंच नाव. सोमाजी नळीतून उतरणारं लाल बघत राहिला. कमळानं डोळे उघडले.

"कसं लागते?"

"थंड."

"आपलंच हाय ना पन?"

"आपलंच हाय," ती म्हणाली. "पन थंड काऊन हाय जी?"

सोमाजीनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.