रिकामी खाच

पंकजाने चौथा स्क्रू काढून वाटीत टाकला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण मागे ओढलं. ते निघेना. तिने डबा डाव्या हाताने मांडीशी दाबून धरला, उजव्या तळव्याने एक दणका दिला, तेव्हा कुठे ते करकरत सरकलं. आतली धूळ नाकातोंडात गेली. तिने ओढणी तोंडाला गुंडाळली आणि पलंगावर अंथरलेल्या पेपरवर डबा आडवा केला.

घरात त्याला सगळे डबाच म्हणत. नगरच्या दुकानातून आणलेला, तयार जोडून मिळणारा, त्या दुकानातला सगळ्यात स्वस्त कॉम्प्युटर. आत चार जीबीची एकच रॅम आणि तिच्या शेजारी दुसरीसाठी रिकामी खाच. घेताना दुकानदार म्हणाला होता, पुढे लागली तर वाढवता येते. ते पुढे आता आलं होतं. शेवगावच्या रविराजच्या दुकानासाठी पंकजा घरी बसून फ्लेक्स तयार करायची. वाढदिवस, दशक्रिया, दुकानांची उद्घाटनं, काय येईल ते. आता निवडणुका तोंडावर आल्या होत्या. एकेका फ्लेक्सवर तीस-तीस चेहरे, आणि दहावा चेहरा ठेवला की डबा मान टाकायचा. रविराज माणूस चांगला, पण चांगुलपणावर फ्लेक्स छापून होत नाहीत. आज संध्याकाळपर्यंत मशीन पळालं तर काम तुझं, नाहीतर नगरच्या एकाला देतो, असं त्याने सरळ सांगितलं होतं.

आणि आज संध्याकाळीच भीमा मुकादम ऊसतोडीची नावं पक्की करायला येणार होता.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही. गेली दोन वर्षं पंकजाच्या फ्लेक्सवर आणि तिच्या नवऱ्याच्या, सहादेवच्या, मिळेल त्या मजुरीवर घर चाललं होतं. दसरा सरला तरी ऊसतोडीला जाण्यासाठी दाराला कुलूप लागलं नव्हतं, मुलगी पूजा सलग दोन वर्षं एकाच शाळेत गेली होती. त्या वस्तीवर हे थोडं नव्हतं. पण डबा अडायला लागला तसा सहादेवचा धीर सुटला. माणूस वाईट नाही, वाट बघणं मात्र त्याला जमत नाही. गेल्या आठवड्यात जेवता जेवता तो ताटाकडे बघत म्हणाला होता,

"भीमाकडं एक कोयता लावून आलोय."

पंकजाने त्याला पुढे काही विचारलं नाही. एक कोयता म्हणजे कोण आणि कोण, हे काय विचारायचं? तिने उरलेली भाकरी टोपल्यात ठेवली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

फाईली लवकर उघडाव्यात म्हणून घेतलेली नवी एसएसडी तिने आधी जुन्या डिस्कशेजारी बसवली. ती सरळ बसली. मग पिशवीतून आठ जीबीची नवी रॅम काढली, कडेने धरली आणि रिकाम्या खाचेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. एका बाजूचा खटका वाजला. दुसरा वाजायला जरा जास्तच जोर लागला. तिने वायरी जोडल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

डबा ओरडला. एक लांब शिट्टी, मग थांबून पुन्हा एक. स्क्रीन काळाच.

बाहेर अंगणात कानस चालली होती. खर्र, खर्र. लंकाबाई, तिची सासू, सकाळपासून कोयत्याला धार लावत बसली होती. खंडेनवमीला पुजलेला कोयता पाचव्या दिवशी धारेला लागला होता, आणि त्या आवाजाने पंकजाच्या डोक्यात तिडीक जात होती. सून घरात जिवाचं रान करतेय आणि सासू तिच्या पाठवणीची तयारी करतेय, असंच तिला वाटत होतं.

"ओरडला का गं?" लंकाबाईने बाहेरूनच विचारलं. "मेला डबा. कशाच्या कामाचा न्हाई."

हे रोजचं होतं. लंकाबाईच्या तोंडून कधी कशाचं कौतुक म्हणून निघायचं नाही. शेळीला दोन करडं झाली तर म्हणायची, हाडकुळी हायेत. पूजाचा वर्गात पहिला नंबर आला तेव्हा म्हणाली, मेलीला काय येतंय. पण डब्यावर तिचा राग अंमळ जास्तच होता. येता-जाता ती त्याला नावं ठेवायची. परवा सकाळी तर पंकजा शेळीला पाला टाकून आत आली तेव्हा सासू टेबलाजवळ उभी होती, आणि सुनेला बघताच तिने हात पदराखाली घेतला होता. आता तिला तो हात आठवला. वायर तर ओढली नसेल? मनात आलेल्या या विचाराची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही.

तिने रविराजला फोन लावला.

"रविराजदादा, नवी रॅम घातली तर नुसता शिट्ट्या मारतोय."

"घाबरू नको ताई. दोन्ही काढ. पोरीचं खोडरबर असंल ना घरात? त्यानं रॅमचे सोनेरी पाय घास. फुंकर मारू नको, थुंकी उडती. घास आन् पुन्हा बसव."

पूजा शाळेत गेली होती, पण तिचं एक झिजलेलं खोडरबर फडताळात होतं. पंकजाने जुनी रॅम काढून घासली. खोडरबर काळं झालं. मग नवी घेतली. नवी कोरी, पिशवीतून तासाभरापूर्वी काढलेली. तिने एकदाच घासली आणि हात थांबला. खोडरबर लाल झालं होतं.

तिने मोबाईलची बॅटरी लावून खाचेत बघितलं. रिकामी खाच रिकामी नव्हतीच. तळाला लाल गाळ बसला होता, ओला होऊन वाळलेला, आणि त्यात तांदळाचे दाणे रुतले होते. वर, बरोबर त्याच जागी, डब्याच्या माथ्यावरची जाळी होती. पंकजाने बोट फिरवलं. जाळीच्या भोकाभोकांत कुंकू होतं.

खंडेनवमीला डब्याची पूजा होते हे तिला ठाऊक होतं. कोयता, खुरपं, सहादेवची मोटरसायकल आणि डबा, सगळ्यांना एकेक बोट कुंकू आणि झेंडूचं फूल. तिने स्वतः लावलं होतं, तेही पुढच्या बाजूला. दोन वर्षांत दोन बोटं. हे तर मूठभर होतं. तिने सुईने एक दाणा वर काढला, तो काळा पडला होता. दुसरा पिवळट. तिसरा पांढराशुभ्र, आज-कालचा.

रोज. ही बाई रोज करते.

पंकजाच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर शिव्या घालायच्या आणि कुणी नसताना आत कुंकू-पाणी ओतायचं? करणी करतात ती अशीच करतात ना? तिला आत्ता अंगणात जाऊन ते लाल खोडरबर सासूपुढे आपटावंसं वाटत होतं. पण घड्याळात साडेचार झाले होते. भांडण कधीही करता येतं.

तिने दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि खाच झाडायला सुरुवात केली. कुंकू निघालं, तांदूळ निघाले, पण पाण्याने आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. तिने पुन्हा रॅम बसवली. शिट्टी. पुन्हा काढली, पुन्हा झाडलं. शिट्टी. तिचे डोळे भरून आले. कोल्हारकडच्या उसाच्या फडातली ताडपत्रीची कोप, पहाटेचं धुकं, डोक्यावरची मोळी, आणि पाचटात खेळणारी पूजा, सगळं तिला लखलखीत दिसायला लागलं. तिने मनगटाने डोळे पुसले. गालाला कुंकू लागलं.

मग तिला साधी गोष्ट सुचली. जुनी रॅम ज्या खाचेत होती, ती खाच तर झाकलेली होती. तिच्यावर काही पडलंच नसणार. तिने जुनी बाजूला ठेवली आणि त्या खाचेत नवी एकटीच दाबली. दोन्ही खटके वाजले. बटण दाबून ती डोळे मिटून बसली.

शिट्टी आली नाही. डोळे उघडले तर स्क्रीनवर उजेड होता.

आठ आणि चार, बारा व्हायचे होते. आठावर भागलं. एक खाच कायमची गेली होती, पण तीस चेहऱ्यांचा फ्लेक्स उघडला, आणि तिने एकतिसावा ठेवून बघितला तरी डबा मान टाकेना. तिने रविराजला फाईल पाठवली. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'पळतंय.'

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. भीमा मुकादमाचा आवाज तिने ओळखला. ती उठली, खोडरबर मुठीत तसंच होतं. नवऱ्याला सांगायचं, मुकादमाला सांगायचं आणि मग सासूचंही बघायचं, असं ठरवून ती दारात आली.

"सहादेव, परवा पहाटं ट्रॅक्टर येनार," भीमा डायरी उघडून म्हणत होता. "नावं वाचून दाखवतो, नंतर तक्रार नको. सहादेव अन् लंकाबाई. एक कोयता." तो लंकाबाईकडे वळला. "मावशी, ह्या वयात झेपंल ना? फडातून माघारी फिरता यायचं न्हाई."

"झेपतंय," लंकाबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही. कानस चालूच होती.

पंकजाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने सहादेवकडे बघितलं. तो अंगठ्याने माती उकरत होता.

"आईनंच स्वतःचं नाव दिलं," तो म्हणाला. "म्हनली, तिला सांगू नको, ती डबा सोडून उठंल."

कानस थांबली. लंकाबाईने सुनेकडे बघितलं, तिच्या गालावरच्या लाल डागाकडे, लाल बोटांकडे.

"चालू झालं व्हय?"

"झालं," पंकजा म्हणाली.

भीमाने पेन काढलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही टोळी उभी करायची होती.

"मग नाव खोडू का? इचार करून सांगा. एकदा खोडलं की पुढल्या साली मी घेत न्हाई. मशीन उद्या पुन्हा बसलं तर माझ्या दारात यायचं न्हाई."

पंकजाला ती हिरवी पडलेली खाच दिसली. आता चांगली अशी एकच उरली होती.

"खोडा," ती म्हणाली.

भीमा सहादेवकडे बघत राहिला. बाईच्या शब्दावर नाव खोडायची त्याला सवय नव्हती. सहादेव आईकडे बघत होता. लंकाबाईने कानस खाली ठेवली.

"ऐकू आलं न्हाई व्हय रं? ती म्हनती तसं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजा शेळीला पाला टाकायला गेली आणि रोजच्यापेक्षा लवकर परतली. लंकाबाई टेबलाजवळ उभी होती. एका हातात कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात तांब्या. सुनेची चाहूल लागताच तिने दोन्ही पदराखाली घेतलं.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या."

पंकजाने पुढे होऊन डबा थोडा फिरवला. बाजूचा, भोकं नसलेला सपाट पत्रा समोर आला. तांब्या तिने सासूच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"हितं लावा. वर न्हाई. कोरडंच लावा."

लंकाबाई वरच्या जाळीकडे बघत राहिली. मग सुनेच्या नखांकडे, जिथून कालचं लाल अजून गेलं नव्हतं. तिला सगळं कळलं, आणि कळलेलं तिच्या तोंडावर दिसलं. पुढे केलेला हात मागे जायला लागला. पंकजाने तो मनगटाला धरला आणि बोट पत्र्यापर्यंत नेलं.

"रोज लावू का?" लंकाबाईने विचारलं.

"रोज लावा."

म्हातारीने पत्र्यावर बोट टेकलं. नीट, गोल, सवाष्णीच्या कपाळाला लावावं तसं. मग हात जोडले, आणि कुणी ऐकत असेल तर ऐकावं म्हणून दाराकडे तोंड करून म्हणाली,

"मेला डबा. कशाच्या कामाचा न्हाई."

पूजाचा पहिला नंबर आला त्या दिवशी ती ज्या आवाजात बोलली होती, तोच हा आवाज होता. पंकजाने तो आज पहिल्यांदा नीट ऐकला. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने बटण दाबलं.