लोसालिनेच्या पाळीचा रविवार

"बाईमाणसाने उमूची भट्टी लावायची? मग आमच्या पोरांनी काय लुगडी नेसायची?" मेलेनाइते चटईवर बसल्या बसल्या कडाडली. "पाद्रीसाहेबांचं जेवण माझ्या घरी होऊ दे. घरात पुरुष नाही, कोणी तुला नावं ठेवणार नाही."

"वन्सं, या रविवारी पाद्रीसाहेबांना जेवू घालायची पाळी या घराची आहे," लोसालिने नारळ खवता खवता म्हणाली.

"पाळी माझ्या भावाची होती. तो गेला."

"भाऊ गेला, घर गेलं नाही."

मेलेनाइते ही लोसालिनेच्या नवऱ्याची, विलियामीची थोरली बहीण. टोंगात भावाच्या घरी बहिणीचा शब्द शेवटचा. या घरातल्या डुकराच्या पिल्लापासून पोरींच्या लग्नापर्यंत सगळं तिच्या होकारावर चालायचं. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण लोसालिनेने तिला उलट उत्तर दिलं ते आजच. मेलेनाइते उठली, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई पदरासारखी सावरली आणि म्हणाली, "बरं. लाव. पण एकदा का कच्च्या अळूने पाद्रीसाहेबांचा घसा खाजला, तर पुढची पाळी माझ्याकडे. कायमची. कबूल?"

"कबूल," लोसालिने म्हणाली आणि पुन्हा नारळ खवू लागली.

स्वयंपाक तिला नवा नव्हता. डब्यातलं खारं बीफ तर तिने जन्मभर रांधलं होतं. नवी नवरी असताना कांद्यावर परतून, कारण विलियामीला तसंच आवडायचं. पोरी लहान होत्या, ती नेयाफू शहरातल्या पाहुणघरात चादरी धुवायला जायची, तेव्हा एका डब्यात मोठा कोबी चिरून घालायचा आणि पातेलंभर करायचं. बादलीत मुरवून विकतात ते मिठातलं मांस स्वस्त मिळालं, की दोनदा पाणी बदलून उकडायचं आणि कच्च्या केळ्यांबरोबर खायचं. विलियामीच्या शेवटच्या महिन्यांत भाताच्या पेजेत चमचाभर कुस्करून ती त्याला भरवायची. पण रविवारचं म्हणजे लू. अळूच्या पानांत बीफ, कांदा, नारळाचं दाट दूध. पुरचुंडी बांधायची आणि जमिनीतल्या भट्टीत, उमूत पुरायची. पुरचुंडी बायकांनी बांधायची, उमू पुरुषांनी लावायचा. गावात याला अपवाद नव्हता.

रविवारी उजाडायच्या आत ती आणि तिची मुलगी फाने खड्ड्याशी होत्या. लाकडं पेटली, दगड तापून पांढुरके झाले. ओल्या बांबूने ते पसरताना लोसालिनेच्या मनगटाला चटका बसला.

"आई, अगं हात!"

"हात राहू दे. केळीची पानं दे, लवकर!"

पुरचुंड्या रचल्या, वर रताळी आणि फणसासारखी ती निरफणसं, मग पानं, पोती, माती. कुठून वाफ निसटते का ते तिने गाल जवळ नेऊन पाहिलं. एका कडेला निसटत होती. तिने तिथे माती थापली आणि दोघी अंघोळ करून चर्चला गेल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी प्रवचन लवकर आटोपलं! पाद्रीसाहेबांना दुपारी पलीकडच्या बेटावर जायचं होतं, बोट थांबणार नव्हती. एरवी हा माणूस देवाची गोष्ट सुरू करायचा ती संपता संपायची नाही. आज त्याने भराभर आशीर्वाद दिला आणि थेट लोसालिनेच्या अंगणात येऊन बसला. शेजारी मेलेनाइते.

"काढ आता," मेलेनाइते स्वयंपाकघरामागच्या खड्ड्याशी येऊन कुजबुजली. "पाहुणा ताटावर बसलाय."

लोसालिनेने मातीवर तळवा ठेवला. नेहमीच्या वेळेला अजून बराच अवकाश होता. अळू अर्धं कच्चं राहिलं तर काय होतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"नाही वन्सं. झालेलं नाही."

"पाद्र्याला उपाशी बसवणार? लोक थुंकतील तोंडावर!"

"उपाशी कोण बसवतंय? फाने, फळीवरचे दोन डबे काढ. आणि कांदे."

"आई, रविवारी? पाद्रीसाहेबांना परतलेलं? हे शनिवारचं जेवण!"

"तुझे बाबा तीन-तीनदा मागून घ्यायचे. चांगलं असतं ते. चीर कांदा."

तिने कढई ठेवली. कांदा तांबूस झाला, बीफ चुरचुरलं, त्याच्या कडा कुरकुरीत होईपर्यंत तिने हलवलं नाही. वास अंगणात पोचला तेव्हा पाद्रीसाहेबांनी बोटीबद्दलचं बोलणं मध्येच सोडलं. लोसालिनेने स्वतः ताट नेऊन पुढे ठेवलं. "उमूला जरा वेळ आहे, पाद्रीसाहेब. तोवर हे घ्या. साधं आहे, पण माझ्या हातचं आहे."

मेलेनाइतेने लाजेने डोळे मिटले. पाद्रीसाहेबांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग ताट पुसायला निरफणस मागितलं.

"ते उमूत आहे," लोसालिने म्हणाली. सगळे हसले, पाद्रीसाहेब सगळ्यांत मोठ्याने.

अखेर तिने माती सारली. वाफेचा लोट निघाला, तिने तोंड वळवलं नाही. पहिली पुरचुंडी फोडली: पानं काळपट हिरवी, मऊ लोण्यासारखी, नारळाचं दूध आटून सायीसारखं झालेलं. तिने आधी स्वतः घास घेतला आणि घशाकडे लक्ष देत उभी राहिली. काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते वाफेवर ढकललं.

पाद्रीसाहेब दोन पुरचुंड्या जेवले. बोटीवाला किनाऱ्यावरून हाका मारत होता, तरी हा गृहस्थ शांतपणे बोटं चाटत होता. मग रीतीप्रमाणे आभार मानायला तो सरळ बसला आणि मेलेनाइतेकडे वळला. "तुमच्या कोणत्या मुलाने उमू लावला? इतकं शिजलेलं अळू मी या गावात खाल्लं नाही."

मेलेनाइतेने नुसतं एका पोराचं नाव घेतलं असतं तरी पाळी तिच्या घरी गेली असती, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची गावात कोणाची टाप नव्हती.

मेलेनाइतेने लोसालिनेच्या मनगटावरचा फोड पाहिला.

"माझी पोरं अजून झोपलीच असतील," ती म्हणाली. "हिने लावला. माझ्या भावजयीने. मी काढायला सांगत होते, हिने ऐकलं नाही. या घरात उमू हीच लावते."

पाद्रीसाहेब लोसालिनेकडे वळले. घरच्या कर्त्या पुरुषापुढे झुकवतात तशी त्यांनी मान झुकवली आणि आभार मानले. आता उत्तर कर्त्याने द्यायचं. विलियामी अशा वेळी लांबलचक बोलायचा, वचनं म्हणायचा. लोसालिनेला त्यातलं काहीच आठवेना. तिने ओले हात झग्याला पुसले आणि ताठ उभी राहिली.

"पुढच्या पाळीलाही इथेच या," ती म्हणाली.

"आमेन," मेलेनाइते म्हणाली, सगळ्यांच्या आधी.