मोहरीची उशी

मालनला आयुष्यात एकदा चाळीस दिवसांचं अखंड पारायण करायचं होतं. मागणं काही नव्हतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं करून झालं होतं. पण सलग चाळीस दिवस म्हटलं की दर महिन्याचे चार दिवस मध्ये आडवे यायचे. चौतीस वर्षं तिने वाट पाहिली. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली, आणि लालबागच्या त्या चाळीत या गोष्टीचा मनापासून आनंद झालेली ती बहुधा एकटीच बाई असावी. तिने देवापुढे साखर ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

पारायणाचे नियम कडक. सकाळी नळ गेला की आंघोळ करून पाटावर बसायचं. पोथी उघडल्यापासून मिटेपर्यंत उठायचं नाही, पोथीबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही. आणि डुलकी लागली, तर झालेले सगळे दिवस बाद. पुन्हा पहिल्या अध्यायापासून.

न बोलण्याचं तिला काहीच नव्हतं. नळावर कितीही भांडण पेटलं तरी मालनवैनींचा आवाज शेजारच्या बादलीपर्यंत पोचत नसे. अडचण डुलकीची होती. पाळी गेली ती जाताना झोपही घेऊन गेली. अंथरुणाला पाठ लागायचा अवकाश, मानेपासून टाळूपर्यंत असा जाळ उठायचा, की उशीखाली कुणी स्टोव्ह पेटवून ठेवलाय की काय असं वाटावं. उशी उलटी करावी, तर ती बाजू आधीच तापून बसलेली. सकाळी पाटावर बसलं की मग डोळे आपोआप मिटत. पहिल्यांदा चौथ्या दिवशी डुलकी लागली. दुसऱ्यांदा नवव्या दिवशी, आणि तीही अशी की कपाळ सरळ निरांजनाकडे निघालं होतं. नवऱ्याने, दौलतने, मागून अंबाडा धरला म्हणून वाचली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी जाताना होतं असं. वर्ष, दोन वर्षं. डोक्याखाली काहीतरी थंड घेत जा."

"थंड म्हणजे काय थंड?" घरी आल्यावर दौलतने विचारलं, आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. ती चमक मालनने दोन वर्षांत पाहिली नव्हती.

दौलतने सव्वीस वर्षं गिरणीच्या ब्लोरूममध्ये काढली होती. गाठी फोडायच्या, कापूस पिंजायचा, त्यातली घाण काढायची. संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. संप मिटला असं कुणी म्हणालं नव्हतं आणि भोंगाही वाजत नव्हता. तेवढ्या काळात दौलतने घरातले सगळे नट आवळले होते, शेजाऱ्यांचेही आवळले होते, आणि आता लोक त्याला पाना घेऊन येताना पाहिलं की दार लोटून घेत. अशा माणसाला उशी मिळाली.

त्याने लगेच तिची शिवण उसवली. "हा बघ. आखूड धाग्याचा. गिरणीत असला कापूस आम्ही केरात टाकायचो. नुसत्या गाठी. यात वारा शिरणार कुठून?"

"तुमच्याच आईने भरलीय ती. आपल्या लग्नात."

"आई शेतावरची बाई. तिला ब्लोरूम काय माहीत."

पहिल्यांदा त्याने काष्ठौषधींच्या दुकानातून वाळा आणला. वाळ्याची उशी थंड होती खरी, आणि खोलीला देवघराचा वास लागला. पण सकाळी मालनच्या गालावर अशा काही रेघा उमटल्या, की दूधवाल्याने दूध घालता घालता विचारलं, "मांजर पाळलंत का?"

मग सब्जा.

"फालुद्यात घालतात तो," दौलत म्हणाला. "सब्ज्याइतकं थंड बी जगात नाही."

"पण तो भिजला की फुगतो ना," मालन हळूच म्हणाली.

"उशी भिजेल कशाला? तू काय समुद्रात झोपणार आहेस?"

मालनने सवयीने कपाळावर ओला पंचा ठेवला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटेपर्यंत उशी दुप्पट झाली. शिवणीतून करडा, बुळबुळीत, डोळे वटारलेला सब्जा बाहेर यायला लागला. दौलतने तो मोरीत ओतला, तेव्हा मोरीही तुंबली. पण तो खचला नाही. पाना होताच.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "आता अंदाजाने नाही. माल हाताळून घ्यायचा." आणि तो मालनला घेऊन बाजारात शरच्चंद्रशेठच्या दुकानात गेला. दुकानात कमरेएवढी पोती ओळीने उघडी मांडलेली. दौलतने पहिल्यात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले, मान हलवली. "हाताने नाही कळत. तू गाल लावून बघ."

"इथे?"

"पोती काय घरी नेऊन बघणार?"

मालनने इकडेतिकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि मुगावर गाल टेकला. मूग कोमट. धणे टोचले. राजगिरा थंड लागला, पण कानात शिरला, तो दोन दिवस निघाला नाही. मिरच्या घ्यायला आलेल्या बायका मिरच्या विसरून बघत राहिल्या.

"वैनी, काय शोधताय?" शेठने विचारलं.

"झोप," मालन म्हणाली. पण ती राजगिऱ्याशी बोलल्यासारखी म्हणाली, त्यामुळे शेठला ऐकू गेलं नाही.

पाचवं पोतं मोहरीचं. तिने डोकं ठेवलं मात्र, मोहरी अशी अलगद सरकली आणि कानाला, गालाला, अंबाड्याला ज्याची त्याची जागा करून दिली. थंड. घागरीच्या बुडासारखी थंड. मालनने डोळे मिटले.

"वैनी," थोड्या वेळाने शेठ म्हणाला, "गिऱ्हाईक थांबलंय."

दौलतने सहा किलो मोहरी मागितली.

"लोणच्याची ऑर्डर?"

"छे. उशी भरायचीय."

शेठने दौलतकडे पाहिलं, मग मालनकडे, मग पुन्हा दौलतकडे. मोहरी तोलून दिली आणि वर पुडीत बांधून पावशेर डिंक ठेवला. "हा आपल्याकडून," तो घाईघाईने म्हणाला आणि मिरच्यांकडे वळला. डिंक कशाला, ते दोघांनाही कळलं नाही. चांगला माणूस आहे, असं ठरवून ते घरी आले.

मालन गॅलरीत बसून उशी शिवत होती, तेव्हा मीराबाई आली. मीराबाई मालवणकडची, साठीची. चाळीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, उरलेल्या अर्ध्यांना जन्मताना हॉस्पिटलात नेल्याचा राग तिला अजून होता.

"मोहरेची उशी?"

"हो."

"कोणासाठी गो?"

मालनला लाज वाटली. स्वतःच्या डोक्याची आग काय सांगायची. "घरातच हवी होती," ती खाली मान घालून म्हणाली.

मीराबाई आल्या पावली वळली. मोहरीची उशी या मुलखात एकाच डोक्याला करतात: नुकत्या जन्मलेल्या. टाळू गोल बसावी म्हणून. सव्वीस वर्षांपूर्वी मालनने लेकीसाठी केलीच होती; पण या घडीला ती स्वतःच्या डोक्यात इतकी गुंतली होती, की दुसरं कुठलं डोकं तिच्या ध्यानातच आलं नाही. मीराबाईने घरी जाऊन बोटं मोजली. तीन महिने मालन उंबऱ्याशी बाजूला बसलेली नाही. चेहरा मधूनच लालबुंद होतो. आणि आता ही उशी. मालनची लेक चिपळूणला दिलेली, नातू तिसरीत. मीराबाईने कपाळाला हात लावला आणि शेजारचं दार ठोठावलं.

मालनने पारायण तिसऱ्यांदा सुरू केलं. मोहरीने आपलं काम चोख केलं. चौथा दिवस गेला, नववाही गेला, डुलकी आली नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की इतर गोष्टींकडे तिचं लक्षच गेलं नाही. नळावर तिच्या हातातली बादली कुणीतरी काढून घ्यायचं. मीराबाई वाटी वाटी पेज पाठवायची, कधी चिंचेचं सार. हा सगळा पारायणाचा मान आहे असं मालनला वाटलं आणि माणसं किती भाविक असतात या विचाराने तिचे डोळे भरून आले. नाक्यावर दौलतच्या खात्यातला रघु भेटला. त्याने दौलतच्या पाठीत थाप मारली. "मानलं रे तुला. लोक संपात खचले, आणि तू?"

"बसून काय करायचं," दौलत म्हणाला.

चाळिसावा दिवस उजाडला. मालन शेवटच्या अध्यायावर होती आणि पंचवीसेक ओव्या राहिल्या होत्या, तेव्हा दारातून मीराबाई आत आली. हातात नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. मागून सात बायका.

"चोरओटीचो महिनो चुकलो," मीराबाई म्हणाली, "पण मी हय असताना ओटीबगार कोण बाळंतीण जावची नाय."

मालनने मान वर केली. तिला सगळं एका क्षणात कळलं: पेज, चिंच, बादली, डिंक. तोंड उघडलं, आणि उघडल्या तोंडाने तिने पुढची ओवी वाचली. एक शब्द बोलली असती, तर चाळीस दिवस गेले असते.

बायकांनी तिची ओटी भरली. मालनने डाव्या हाताने पदर धरला आणि उजव्याने पान उलटलं. मानेपासून जाळ उठला, तो या वेळी टाळूवर थांबला नाही.

"बघा, तेज कसा इला तोंडावर," मीराबाई म्हणाली. "मुलगीच होतली."

मालनने ओवी मोठ्याने वाचली. तिचा आवाज पहिल्यांदाच गॅलरीत ऐकू गेला.

तेवढ्यात समाप्तीचे पेढे घेऊन दौलत आला. घरात एवढ्या बायका पाहून त्याला बरं वाटलं. त्याने खोका उघडून फिरवला. "घ्या, तोंड गोड करा."

"भावजी," मीराबाईने डोळे बारीक केले, "ह्या वयात कसा काय जमला तुमका?"

"सोपं नव्हतं," दौलत म्हणाला. त्याच्या कामाबद्दल फार दिवसांनी कुणी आपुलकीने विचारत होतं. "आधी दोनदा फसलं. माघार नाही घेतली. शेवटी शरच्चंद्रशेठच्या दुकानात जमलं."

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"अनुभव लागतो हो. सव्वीस वर्षांचा. तुमच्यापैकी कुणाला पाहिजे असेल तर लाजू नका. मी सध्या मोकळाच आहे."

मालनच्या पोटातून हसू उसळून वर आलं. तिने ओठ आवळले, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तेच पाणी भक्तीचं म्हणून चालवून घेत उरलेल्या ओव्या एका दमात वाचल्या. शेवटची संपली. तिने पोथी मिटली, फुलं वाहिली, डोकं टेकलं, तीर्थ घेतलं. मग मागे वळली.

"मीराबाई, उशी माझ्या डोक्याला आहे. माझी पाळी गेलीय."

कुणाच्या तरी हातातला पेढा खाली पडला. दौलत उशिरा, पण हळूहळू तांबडा होत गेला आणि गॅलरीतला एक नट आवळायला निघून गेला.

"मगे आधी सांगूक काय झाला होता?" मीराबाई म्हणाली.

"तुम्ही उशीचं विचारलंत. माझं कुठे विचारलंत?"

मीराबाई रागावणार होती. पण दाराशी बसलेल्या एका बाईने हळूच विचारलं, "वैनी, तो जाळ... मानेपासून वर येतो का?"

"टाळूपर्यंत," मालन म्हणाली.

"माझ्या तर कानातून निघतो," दुसरी म्हणाली. मग तिसरी, चौथी. चार जणी एकाच आगीत जळत होत्या आणि चौघींनाही वाटत होतं, आपल्यालाच ताप आहे. उशी बाहेर आली. ज्या चौघींना जाळ होता त्या आधी कोण म्हणून एकमेकींकडे बघत असताना जिला काहीच होत नव्हतं ती मीराबाई "बघूया तरी" म्हणून आडवी झाली आणि घोरायला लागली. ती संध्याकाळी दिवेलागणीला उठली. तोवर बायका गप्पा मारत बसल्या, आणि ओटीतला नारळ फोडून प्रसादाला वाटला गेला.

खण मात्र मीराबाई परत घेईना. ओटीतला परत घेत नाहीत. मालनने त्याचा अभ्रा शिवला. डिंकाचे लाडू केले. त्यातला एक शेठला पाठवला, निरोपाशिवाय.

आठवड्याने गॅलरीत चार रिकाम्या खोळी वाळत होत्या. दौलत सुपात मोहरी पाखडत बसला होता आणि समोर उभ्या असलेल्या बाईला दाणा दाखवून सांगत होता, "ही बारीक. असला माल आम्ही खात्यात घेतलाच नसता." मालन आत पाटावर बसली होती. तिने नवं पारायण धरलं होतं, आणि या खेपेला दाराला आतून कडी लावली होती.