पिंटू मामावर गेला होता

मी एक जुना बीपीचा डबा आहे. म्हणजे रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र, पण या गावात मला डबाच म्हणतात. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावा. पोटात पारा होता तोवर मला रेघभरसुद्धा खोटं बोलता आलं नाही. पारा विषारी म्हणून दवाखान्याने तो काढून घेतला आणि तुमच्या समीक्षाबाईंनी मला मागून आणून या वर्गातल्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून माझी जीभ मोकळी झाली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. करड्या पत्र्याची पेटी, तिच्यात उभी काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढा माझा संसार. आर्णीजवळच्या या गावात मी आलो तो नर्स इंदुताईंच्या पिशवीतून. मग काय सांगू माझा रुबाब! आर्णीच्या बैलबाजारात मला एकदा बैलाच्या पायाला बांधलं, तर बैलाचा दाब व्यापाऱ्यापेक्षा कमी निघाला. आणि विठ्ठलरावांच्या दंडाला पहिल्यांदा बांधलं तेव्हा पारा असा उसळला, की छपराच्या कवेलूवरचा कावळा पंख झाडत उठला.

कावळ्याचं सोडा. पारा उसळला होता हे मात्र खरं.

विठ्ठलराव म्हणजे समीक्षाबाईंचे वडील. उंच माणूस, पोपटाच्या चोचीसारखं नाक. इंदुताईंनी मीठ कमी करायला सांगितलं, रोज गोळी घ्यायला सांगितली. विठ्ठलराव डोकं दुखेल त्या दिवशी गोळी घ्यायचे आणि दुखायचं थांबलं की गोळ्या देवळीत ठेवून द्यायचे. एका सकाळी कापसाच्या गंजीजवळ त्यांच्या अंगावरून वारं गेलं. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. विठ्ठलराव काही काळ बाजेवर राहिले आणि गेले.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या की आधी निवाडा होतो तो तोंडाचा. पोर कोणावर गेलं? विठ्ठलरावांच्या घरी हा निवाडा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, तानाबाईंचा. थोरला पिंटू जन्मला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, मामावर गेला. मामा म्हणजे महागावचे बळीराम, म्हातारपणीही बकऱ्यांसाठी कडुनिंबावर चढणारा गडी. मग समीक्षा झाली, तेच चोचीचं नाक घेऊन. ती बापावर गेली.

विठ्ठलराव गेल्यावर तानाबाईंनी दुखण्याचीही वाटणी करून टाकली. ज्याचं तोंड, त्याचा रोग. समीक्षाच्या ताटात अळणी वरण आलं. लोणच्याची बरणी पिंटूकडे सरकली. दर महिन्याला इंदुताई यायच्या, तेव्हा समीक्षाला पाटावर बसवून पट्टा तिच्या दंडाला बांधला जायचा. पारा जिथे थांबायला हवा तिथेच थांबायचा आणि तानाबाई म्हणायच्या, पाहा, अळणी जेवणाचा गुण.

एकदा तानाबाई अंगणात धान्य पाखडत बसल्या होत्या. इंदुताईंनी त्यांच्या सुपातून ज्वारी, मूग, तूर असं मिसळलेलं एक मूठ धान्य उचललं आणि दुसरी मूठ उचलून शेजारी ठेवली. म्हणाल्या, हे दुखणं एका दाण्याचं नसतं. बारीक बारीक पुष्कळ दाणे असतात, एकेकाचा जोर थोडाच. आईकडून एक मूठ येते, बापाकडून एक मूठ येते, आणि दर लेकराची मूठ निराळी. कोणाच्या मुठीत काय आलं, ते तोंड पाहून कळत नाही. त्यावर मग मीठ, तंबाखू-सुपारीचा खर्रा, जागरण, घोर यांचं पाणी पडलं की दाणे वर येतात.

"नाक बापाचं आलं म्हणून नस बी बापाचीच येते, असं नसते आत्याबाई," त्या म्हणाल्या. "पिंटूचा बी हात पाहू द्या मले."

"त्याले काय पाहता? पोरगा मामावर गेला."

"आन मामाचं तरी कोणी मोजलं हाय काय?"

तानाबाईंनी सूप जोरात आपटलं. दाराला टेकून खर्रा चघळणारा पिंटू हसला. "माहं कायले मोजता, ताई? मी महागावचा माल हाओ."

सगळे हसले. मित्रांनो, मलाही तेव्हा हसू आलं. त्या घरात मी कितीदा उघडलो गेलो! पण त्या एका दंडाचा घेर मला आजही माहीत नाही.

मग ती वाईट वर्षं आली. कापसावर लाल्या रोग आला, बोंडअळी आली, भाव बसले. आर्णीच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली, की पिंटूचा मुक्काम तिथेच. गाडीखाली पोतं टाकून झोपायचं, जेवायला मिरचीचा ठेचा आणि भाकर, बाकी वेळ चहा आणि खर्रा. मानेमागे ठणकायला लागलं तेव्हा त्याने डोक्याला दुपट्टा आवळून बांधला. म्हणाला, थंडी हाय.

पिंटूची प्रियंका इथे पहिल्याच बाकावर बसली आहे. तेव्हा ती पाळण्यात होती. मघापासून ती हनुवटी हातावर टेकवून ऐकते आहे. तिच्याकडे पाहूनच मी पुढचं सांगतो.

एका सकाळी इंदुताईंनी मला पिशवीत टाकलं आणि विठ्ठलरावांच्या घरी न जाता थेट खरेदी केंद्र गाठलं. रांगेतून वाट काढत त्या पिंटूच्या गाडीपाशी आल्या, त्याची बाही वर सारली आणि पट्टा बांधला. पिंटू हसतच होता. हवा सोडायला सुरुवात केली तर पारा इतक्या वर असतानाच ठोके ऐकू आले, की त्याचं हसू जागीच विरलं. त्याने खर्ऱ्याची पुडी बैलांच्या पायाशी टाकली. गोळी सुरू झाली आणि एक दिवस चुकली नाही. कापूस विकून तो घरी आला, प्रियंकाला खांद्यावर घेऊन गावभर फिरला. आता त्याच्या मिशा पिकल्या आहेत आणि लोणच्याची बरणी पाहिली की तो सुस्कारा टाकतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरात एकाला हे दुखणं असेल तर बाकीच्यांची तोंडं पाहत बसू नका. ज्याचं नाक बापाचं त्याने, ज्याचं मामाचं त्यानेही, सगळ्यांनी बाह्या वर करा. पिंटूने केली, म्हणून तर तो आज...

प्रियंकाने बाही वर केली होती. फळ्यावर चाललेला खडू थांबला. समीक्षाबाई वळल्या.

"खोटं हाय हे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी इंदुताई आमच्याच घरी आल्या होत्या. दादा तिकडं गाडीजवळ पडला आन तिथंच गेला, तवा हा पट्टा माह्या दंडाले होता."