शिडी दहा पावलांवर होती

सकाळी आठपासून मंगल कार्यालयासमोर रांग लागली होती. उंब्रजहून माणसं आली होती, कोरेगावहून जीप भरून बायका आल्या होत्या. प्रत्येकाच्या मुठीत रुपयाचं एक नाणं. समोर नवी चंदेरी भिंत, तिच्यावर गंधाचे तीन ठिपके, आणि ठिपक्यांशेजारी अर्जुना महाराज.

"पिवळं नाणं आणू नगा," महाराज सांगत होते. "आई गरिबाची हाय, तिला पांढरा रुपयाच लागतोय. खऱ्या माणसाच्या अंगातनं व्हायब्रेशन निघतंय, ते भिंत वळखती. खोट्याचं व्हायब्रेशन ढिल्लं असतंय. सगळं कॉस्मिक हाय."

"कॉस्मिक मंजी काय वो?" मनुबाईनं विचारलं. ती पायरीवर बसली होती. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मंजी वरचं."

"वरचंच पडलंय की माज्या पायावर," मनुबाई म्हणाली.

रांग हसली. महाराज हसले नाहीत.

वरचं म्हणजे पत्रा. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात कार्यालयाच्या छपराचा पूर्वेकडचा अर्धा भाग उडाला होता, दर्शनी भिंतीची पॅनेलं निखळली होती, आणि एक पत्रा अंगणात भाजी निवडत बसलेल्या मनुबाईच्या पायावर आला होता. ती बसल्या जागी थोडी पुढं सरकली असती, तर आज बोलायला राहिली नसती.

बांधकाम जयराजचं. जयराज माझा विद्यार्थी. कार्यालयाचा ठेका त्याला द्यावा असं ग्रामसभेत मीच सुचवलं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, ते पोरांसमोर होतं म्हणून जमलं. ग्रामसभेत मी जन्मात एकदाच उठलो, तो जयराजसाठी.

पत्रे बसवले होते त्याच्या हाताखालच्या हरिबानं. वाऱ्यानंतर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. जयराज म्हणाला, हरिबा पिऊन वर चढला आणि निम्मे स्क्रू मारायचे विसरला. हरिबा म्हणाला, "छपराच्या कडंला पत्र्याच्या हरेक उंचवट्याला स्क्रू लागतोय, कारण वारा कडंनं हात घालतोय. मालक म्हणले, दोन सोडून एक मार. मी म्हणलं, उचलंल. तर म्हणले, तू इंजिनेर हाईस का?"

कोण खरं? पश्चिमेकडचा, हरिबानंच बसवलेला जुना अर्धा भाग अजून शाबूत होता. शिडी बाजूच्या भिंतीला टेकलेली होती. पण गावानं वर चढून पाहिलं नाही. आमच्याकडं असा पेच पडला की देवाला फूल चिकटवून कौल लावतात, तसा लावायचं ठरलं. जयराजनं कऱ्हाडची माणसं आणून उडालेला भाग परत पत्र्यानं झाकून घेतला, दर्शनी भिंतीला नवी पॅनेलं लावली, आणि पूजेला अर्जुना महाराजांना बोलावलं. पूजा होताच महाराजांनी सांगितलं की आई भिंतीत उतरली आहे. खऱ्या माणसाचं नाणं ती धरील.

पहिलं नाणं माझं होतं. जयराजनं मला हाताला धरून पुढं नेलं. "गुरुजींएवढा खरा माणूस गावात न्हाई," तो म्हणाला. महाराजांनी माझं मनगट धरून नाणं ठिपक्यावर ठेवलं, हात काढला, आणि रुपया त्या गुळगुळीत भिंतीवर तसाच राहिला.

मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. सत्तरी ओलांडली तरी मी रोज स्वतःची उलटतपासणी घेत आलो आहे. वर्गात कुणावर अन्याय केला का, वडिलांना नीट सांभाळलं का, असले प्रश्न मला झोपू देत नाहीत. आणि एक भिंत सगळ्या गावासमोर म्हणाली, हा माणूस खरा आहे. माझे डोळे भरून आले.

मग हरिबाची पाळी आली. त्याचं मनगटही महाराजांनीच धरलं. नाणं पडलं. दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा ते गडगडत मनुबाईच्या प्लास्टरपाशी गेलं.

त्यानंतर हरिबाला कुणी काम देईना. त्याच्या बायकोला नळावर कुणी जागा देईना. येत्या शनिवारी त्यानं भिंतीसमोर नाक घासून माफी मागावी असं ठरलं. तो माझ्याकडं आला, ओट्यावर बसला.

"गुरुजी, मीच इसरलो आसंन का वो?"

"म्हणजे?"

"मला तर आठवतंय मालक काय म्हणले ते. पर तीनदा पडलं की नाणं. माजंच डोकं फिरलं आसंल."

एका कष्टाच्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. त्याला मी काय सांगितलं? "माफी मागून टाक. प्रकरण मिटेल."

शुक्रवारी दुपारी महाराज जेवायला गेले तेव्हा मी एकटाच भिंतीपाशी गेलो. मला माझा कौल पुन्हा एकदा हवा होता. "हरिबाला मी बरोबर सल्ला दिला," असं पुटपुटत मी नाणं टेकवलं. ते पडलं.

मला आश्चर्य वाटलं नाही. मी खोटा आहे ही गोष्ट मला चटकन पटते. नाणं उचलून, तेच वाक्य म्हणून मी परत टेकवलं. या वेळी हात थोडा वर गेला आणि नेमका ठिपक्यावर आला. नाणं चिकटलं.

एकच माणूस, एकच वाक्य, मिनिटभराचं अंतर. मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी ठिपक्यावर नाणं ठेवून म्हणालो, "माझं वय अठरा आहे." चिकटलं. "मी कुंडलच्या मैदानात कुस्ती मारली आहे." चिकटलं. चार बोटं बाजूला सरकून म्हणालो, "माझ्या आईचं नाव हरणाबाई." ते खरंच होतं. नाणं पडलं.

सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीच्या जागी लावलेली टाचणी मी काढली आणि ठिपक्याजवळ नेली. ती बोटांतून सुटून भिंतीला जाऊन बसली.

मी तिथंच खाली बसलो. दर वर्षी पाचवीच्या वर्गात मी पुठ्ठ्यावर टाचण्या टाकायचो आणि खालून चुंबक फिरवायचो. टाचण्या नाचायच्या, पोरं खूश व्हायची. पुठ्ठा धरायला नेहमी एकच मुलगा पुढं यायचा. जयराज.

शनिवारी अंगण भरलं होतं. हरिबा टोपी हातात घेऊन उभा होता. महाराजांनी आईला हाक मारली आणि त्याला गुडघ्यावर बसायला सांगितलं. मी उठलो.

"आधी माझा कौल लावा," मी म्हणालो.

"या की गुरुजी," जयराज खुशीत म्हणाला. "बगा, खरा माणूस आला."

मी ठिपक्यावर नाणं धरलं. "आईची शपथ घेऊन सांगतो, माझं वय अठरा आहे, आणि माझं अजून लग्न व्हायचंय."

नाणं चिकटलं.

क्षणभर कुणाला कळेना हसावं का. मग मनुबाई म्हणाली, "आवं गुरुजी, मग तुमची नातवंडं कुनाची?" आणि अंगणात हशा फुटला.

"आई मास्तराची चेष्टा करतीया," महाराज घाईनं म्हणाले. "तिची लीला हाय."

"मग लीला आतून बघू," मी म्हणालो. "हरिबा, पॅनेल काढ."

"भिंतीला हात लावला तर कोप हुईल," जयराज ओरडला. पण हरिबा तोवर उठला होता. त्यानं एका पोराला पाठवून घरून हत्यारं मागवली, कडेच्या फटीतलं सिलिकॉन पात्यानं कापलं, मशीननं स्क्रू उलटे फिरवले आणि पॅनेल पालथं करून लोकांसमोर धरलं. मागं तीन काळी गोल लोहचुंबकं चिकटवली होती, डीजेच्या फुटक्या स्पीकरातली. पॅनेल ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचं, त्याला चुंबक धरत नाही, पण चुंबकाची ओढ त्याच्या आरपार जाते. पांढरा रुपया पोलादाचा, म्हणून तोच चालायचा. मनगट महाराजांच्या हातात. खरं ठरवायचं त्याला ठिपक्यावर न्यायचं, खोटं ठरवायचं त्याला चार बोटं बाजूला.

महाराज लघवीला म्हणून गेले ते आजतागायत आलेले नाहीत.

मग फौजेतून परतलेला केरबा शिडी लावून वर चढला. त्यानं जुन्या भागाच्या कडेचे स्क्रू मोठ्यानं मोजले: एक स्क्रू, दोन उंचवटे मोकळे, एक स्क्रू, दोन मोकळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विसरणारा माणूस इतका नेमानं विसरत नाही. मग तो पूर्वेकडच्या नव्या भागावर गेला, जिथं हरिबाचा हातही लागला नव्हता. तिथंही तसंच.

मी जयराजला विचारलं, "माझंच नाणं का पहिलं लावलंस?"

त्यानं मान वर केली नाही. "तुमचं चिकटलं म्हणून तर गावानं मानलं, गुरुजी. तुमच्यावर कोन शंका घेतंय?"

माझ्यावर एक माणूस रोज शंका घ्यायचा, मी स्वतः. त्यालाच गप्प करायला जयराजनं ती भिंत वापरली, आणि मी आनंदानं गप्प झालो.

पूर्वेकडचे पत्रे आता हरिबा परत बसवतो आहे, हरेक उंचवट्याला स्क्रू, स्क्रूखाली रबराची चकती. परवा मी खाली शिडी धरून उभा होतो. चुकलं म्हणालो. त्यानं हातातला स्क्रू घट्ट केला.

"तुमी शिकलेलं," मग वरून म्हणाला. "त्या दिशी माफी माग म्हनायच्या आदी एकदा इचारायचं हुतं, हरिबा, शिडी लावू का?"

एवढंच मला लिहायचं होतं. कोण खरं, कोण खोटं असा पेच पडला, की नाणं, फूल, भिंत कुणालाही विचारू नका. माझ्यासारख्या भल्या समजल्या जाणाऱ्या म्हाताऱ्यालाही विचारू नका. शिडी लावा, वर चढा आणि मोजा. आमची शिडी सगळे दिवस त्या भिंतीपासून दहा पावलांवर उभी होती.