हव्वाखालाच्या घराची वाट

मी वाट बोलतेय. डांबराची नाही, वाळूतली. मला कुणी आखलं नाही. शारजाच्या अल नहदातून पलीकडे दुबईच्या हद्दीत चालत जाणाऱ्या माणसांच्या पायांनी मी घडले.

माझ्यावरून सगळ्यात जास्त चालली ती गिरिजा. नव्व्याण्णव साली ती आणि तिचा नवरा सोमनाथ चिपळूणहून इथे शारजाच्या बाजूला राहायला आले. दोघांनाही नोकरी, मग तान्ह्या प्रज्ञाला ठेवायचं कुठे? वाळूपलीकडच्या जुन्या इमारतीत दापोलीच्या हव्वाबी राहायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं; त्या प्रज्ञाच्या खाला, म्हणजे मावशी, झाल्या. गिरिजा सकाळी लेकीला कडेवर घेऊन निघाली की हव्वाबी अर्ध्या वाटेवर सामोऱ्या यायच्या.

"जा गो तू, बस चुकेल. पोरीला बघायला मी आहे."

प्रज्ञाने पहिली पावलं टाकली ती माझ्यावरच. दोनदा पडली, मूठभर वाळू खाल्ली, आणि खालाच्या ओढणीला धरून उभी राहिली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग काही वर्षांत दोन्ही बाजूंनी टॉवर वाढत आले आणि मधोमध माझ्या अंगावरून रुंद रस्ता गेला. दोन्ही कडांना लोखंडी जाळी बसली. समोर दिसणाऱ्या घरी जायला आता टॅक्सीने लांबचा वळसा, त्यात ट्रॅफिक. गिरिजाला रोज उशीर होऊ लागला. शेवटी तिने प्रज्ञाला जवळच्या पाळणाघरात घातलं. तिथे पोरगी जेवेना.

एका शुक्रवारी संध्याकाळी हव्वाबी पलीकडच्या जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. अलीकडे मायलेकी आणि सोमनाथ. मधून गाड्या धावत होत्या, हाक पोचत नव्हती. हव्वाबी नुसता हात हलवत राहिल्या.

"आई, व्हाय कान्ट शी जस्ट कम?" प्रज्ञाने विचारलं.

परत फिरताना गिरिजा सोमनाथला म्हणाली, "आपण तिकडे राहायला जाऊ."

"तिकडे भाडं जास्त, एकच खोली मिळेल, गिरिजा."

"मिळू दे."

महिनाअखेरीस ते हव्वाबींच्याच इमारतीत गेले.

आता माझा उरलाय तो एक तुकडा, जाळीपाशी संपणारा. त्यावर लोक गाड्या लावतात. रस्ते आखणाऱ्यांनो, रस्ते जरूर बांधा. पण त्याआधी एका संध्याकाळी इथे उभं राहून बघा, कोण कुणाकडे चालत जातंय.

माझी तक्रार नाही. प्रज्ञा आता जिना उतरून खालाकडे जाते म्हणे. त्या जिन्याला माझं एवढंच सांगणं आहे: ती पळत उतरते, तिला सांभाळ.